सिकलसेल, कावीळ आणि पित्तनलिकेचं खालचं टोक: पोटाच्या सोनोग्राफीचं एक प्रकरण

रुग्ण १९ वर्षांचा मुलगा. घर रामटेक तालुक्यात, शिक्षणासाठी नागपुरात खोली करून राहणारा. सिकलसेलचा आजार, म्हणजे ‘एसएस’ (आई-वडील दोघांकडून सिकल जनुक आलेला प्रकार), लहानपणीच कळलेला. हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिड चालू होतं, पण परीक्षेच्या दिवसांत गोळ्या अधूनमधून चुकल्या होत्या. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू, पारा ४५ च्या आसपास, पाणी पिणं कमी. चार दिवसांपासून उजव्या बरगडीखाली दुखत होतं, मग ताप आला, मग कावीळ वाढली. आई सोबत होती. ती म्हणाली, “डोळे तसे याचे नेहमीच पिवळसर राहतात सर, पण या वेळी लयच पिवळे दिसून राहिले. लघवी बी लाल येऊन राहिली.” विचारल्यावर मुलाने आणखी एक गोष्ट सांगितली: दोन दिवसांपासून शौचाला पांढरट होत होतं.

विदर्भात अशा रुग्णांमध्ये वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून हे प्रकरण शिकण्यासाठी मांडलं आहे. कोणा एका व्यक्तीची ओळख त्यात नाही.

सिकलसेलमध्ये लाल पेशी लवकर फुटतात, त्यामुळे बिलिरुबिन (पेशी फुटून बनणारं पिवळं रंगद्रव्य) कायमच थोडं चढलेलं असतं. या मुलाचं नेहमीचं एकूण बिलिरुबिन ३.२ आणि त्यातलं डायरेक्ट (यकृताने प्रक्रिया करून पित्तात सोडायचं) ०.६ होतं. आता एकूण ११.४ आणि डायरेक्ट ७.८ आलं. अल्कलाइन फॉस्फटेज (पित्त अडलं की वाढणारं एन्झाइम) ४१२, एसजीपीटी (यकृताला इजा झाली की वाढणारं) १८६, हिमोग्लोबिन ७.६ (नेहमीचं ८.५), पांढऱ्या पेशी १३,२००, लायपेज (स्वादुपिंडाचं एन्झाइम) नॉर्मल. फक्त पेशी फुटून कावीळ वाढली असती तर इनडायरेक्ट (यकृताने प्रक्रिया न केलेलं) बिलिरुबिन वाढलं असतं. इथे डायरेक्ट वाढलं आहे आणि शौचाचा रंग गेला आहे, म्हणजे पित्त आतड्यात पोचत नाहीये. अडथळा पित्तनलिकेत, म्हणजे पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीत, आहे की यकृताच्या आतच पित्त साचलं आहे, हे ठरवायला सोनोग्राफी हवी. सिकलसेलमध्ये यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबूनही अशी कावीळ होते आणि तिचा उपचार पूर्णपणे वेगळा आहे. म्हणून सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर नुसतं ‘पोटदुखी’ लिहून भागत नाही. ‘सिकलसेल एसएस, डायरेक्ट बिलिरुबिन ७.८, नळी फुगली आहे का, अडथळा कुठे’ एवढं लिहिलं की तपासणाऱ्याचा हात बरोबर जागी जातो.

आदल्या दिवशी सकाळी अकराला एक सोनोग्राफी झाली होती. रिपोर्टमध्ये होतं: यकृत आणि प्लीहा वाढलेले, पित्ताशय आकसलेलं, भिंत जाड, पित्तनलिका वायूमुळे दिसत नाही, हेपटायटीस असू शकेल. मुलाने नऊ वाजता तर्री-पोहे खाल्ले होते, आणि तिथेच सगळा घोळ झाला. तेल पोटात गेलं की लहान आतड्यातून कोलेसिस्टोकायनिन नावाचं हार्मोन सुटतं आणि पित्ताशय आकुंचन पावून रिकामं होतं. रिकाम्या पित्ताशयाची भिंत दुमडते आणि जाड दिसते. नॉर्मल भिंत ३ मिलिमीटरपर्यंत असते, पण हे माप भरलेल्या पित्ताशयालाच लागू आहे. शिवाय पित्तच उरलं नाही तर खड्याभोवती काळं द्रव राहत नाही, आणि आकसलेल्या पित्ताशयातले खडे शेजारच्या ड्युओडेनममधल्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या) हवेसारखे दिसतात. भिंतीची एक चमकदार रेघ, तिच्या आत खड्याची दुसरी रेघ आणि मागे स्वच्छ काळी सावली, असं दिसलं तर ते खड्यांनी भरलेलं पित्ताशय समजावं. हवेची सावली मळकट असते, आत राखाडी रेघा असतात आणि आतडं हललं की तीही हलते.

जाड भिंत म्हणजे पित्ताशयाची सूज, हे समीकरणही आपल्याकडे सावधपणे वापरावं. पावसाळ्यानंतर डेंग्यूमध्ये, हेपटायटीसमध्ये, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) कमी असताना भिंत ५-७ मिलिमीटर होते आणि पित्ताशयाला काहीही झालेलं नसतं.

उपाशी ठेवा, पण तहानलेलं नको

पोटाच्या सोनोग्राफीला सहा ते आठ तास उपाशी या, असं सांगितलं की बहुतेक घरांत पाण्याचा घोटही बंद होतो. सिकलसेलच्या रुग्णाला, तेही मे महिन्यात, हे घातक आहे. शरीरातलं पाणी कमी झालं की लाल पेशींच्या आतलं हिमोग्लोबिन दाट होतं, पेशी कोयत्याचा आकार घेतात आणि दुखण्याची नवी लाट सुरू होते. साध्या पाण्याने पित्ताशय रिकामं होत नाही. चरबी आणि प्रथिनांनी होतं. म्हणून या मुलाला रात्री अकरानंतर अन्न, दूध, चहा बंद ठेवला. पाणी मात्र मोकळं ठेवलं आणि सलाइन मोजून चालू ठेवलं, कारण जास्त सलाइन छातीत उतरतं. तपासणीची वेळ सकाळी आठची, यादीत पहिला नंबर. सिकलसेलच्या रुग्णाला दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवणं योग्य नाही, हे अपॉइंटमेंट देणाऱ्या खिडकीवरच्या माणसालाही माहीत असायला हवं.

आणखी दोन गोष्टी प्रोब (पोटावर फिरवायचं सोनोग्राफीचं उपकरण) ठेवायच्या आधी विचारल्या. पहिली, तापासाठी कुठलं इंजेक्शन घेतलं? सेफ्ट्रायॅक्सोन पित्तात उतरून कॅल्शियमबरोबर साका धरतं. तो साका सावलीसकट हुबेहूब खड्यासारखा दिसतो आणि औषध थांबवल्यावर काही आठवड्यांत विरघळून जातो. सिकलसेलच्या मुलांना तापात हे औषध वारंवार मिळतं, त्यामुळे हा प्रश्न चुकवू नये. इथे ते दिलेलं नव्हतं. दुसरी, वेदनाशामक किती वाजता दिलं? ट्रमाडॉलसारखं इंजेक्शन तासाभरापूर्वी झालं असेल तर प्रोबने पित्ताशयावर दाबून दुखतं का हे पाहण्याला, म्हणजे मर्फी चिन्हाला, काही अर्थ राहत नाही. इथे शेवटचा डोस पहाटे दोनला होता.

मशीन आणि वाट

कर्व्ह्ड प्रोब, २ ते ५ मेगाहर्ट्‌झचा. मुलगा सडपातळ, म्हणून फ्रिक्वेन्सी वरच्या बाजूला घेतली आणि डेप्थ १६ वरून ११ सेंटीमीटरवर आणली. उगाच खोल ठेवलेल्या चित्रात पित्तनलिका पडद्यावर काडीएवढी दिसते आणि मापात एक मिलिमीटरची चूक सहज होते. ३.५ मेगाहर्ट्‌झला ऊतींमध्ये लहरीची लांबी सुमारे ०.४४ मिलिमीटर असते, कारण मशीन आवाजाचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरतं. त्यामुळे दोन-तीन मिलिमीटरच्या खड्याची सावली मिळवायची तर सेटिंगमध्ये ढिलाई चालत नाही. फोकस खड्याच्या पातळीवर हवा, हार्मोनिक (परत आलेल्या लहरीतली दुप्पट फ्रिक्वेन्सी वापरून चित्र स्वच्छ करणारी सेटिंग) चालू हवं, आणि सावली शोधताना कंपाउंड इमेजिंग बंद करावं. कंपाउंडमध्ये मशीन तेच दृश्य अनेक कोनांतून पाहून सरासरी काढतं. चित्र गुळगुळीत होतं, पण बारीक सावली त्यात पुसली जाते. जेल भरपूर लावलं, कारण त्वचा आणि प्रोबमध्ये हवेचा पापुद्रा राहिला तर जवळजवळ सगळी लहर तिथूनच परत फिरते.

सुरुवात उजव्या बाजूला, बरगड्यांखालून तिरपा प्रोब. “पोट फुगवून श्वास घे, धर.” यकृत खाली सरकलं की खिडकी मोठी होते. यकृत मध्य-हंसळी रेषेत (गळ्याजवळच्या आडव्या हाडाच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेत) १६.८ सेंटीमीटर, थोडं वाढलेलं, पोत एकसारखा. हिपॅटिक व्हेन्स (यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा) तीन, त्यांच्या भिंती न चमकणाऱ्या, आयव्हीसीकडे (हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेकडे) एकत्र येणाऱ्या. पोर्टल व्हेनच्या (आतड्याकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेच्या) भिंती चमकदार. हा फरक डोळ्यांत बसला की पुढची वाट सोपी होते. उजव्या पोर्टल व्हेनपासून एक चमकदार रेघ निघते, मेन लोबर फिशर (यकृताच्या दोन भागांमधली फट); तिच्या दुसऱ्या टोकाला पित्ताशयाची मान असते. पित्ताशय सापडत नाही असं वाटलं तर या रेघेवरून चालत जावं.

पित्ताशय आता भरलेलं होतं: ८.२ बाय ३.१ सेंटीमीटर, भिंत २.६ मिलिमीटर. आत ४ ते ७ मिलिमीटरचे अनेक खडे, प्रत्येकामागे सावली, आणि तळाशी गाळ. डाव्या कुशीवर वळवल्यावर खडे खाली घरंगळले, गाळ सावकाश सरकला. पॉलिप जागा सोडत नाही आणि सावली टाकत नाही, म्हणून कूस बदलणं हा तपासणीचा ऐच्छिक भाग नव्हे. मानेतला अडकलेला खडा उताण्या स्थितीत अनेकदा दिसतच नाही, तोही याच वेळी शोधावा. इथे मान मोकळी होती, मर्फी नकारात्मक, भोवती पाणी नाही. म्हणजे पित्ताशयात खडे आहेत, पण पित्ताशय सुजलेलं नाही.

इथे थांबण्याचा मोह सगळ्यात मोठा असतो. ‘खडे सापडले’ एवढं लिहून प्रोब पुसला जातो. पण पित्ताशयातला खडा सहसा कावीळ करत नाही. काविळीचं कारण नळीत शोधावं लागतं.

यकृताच्या दारापाशी पोर्टल व्हेनचा आडवा छेद घेतला की तीन गोल दिसतात: मागे मोठी पोर्टल व्हेन, पुढे उजवीकडे पित्तनलिका, पुढे डावीकडे यकृताची धमनी. मग प्रोब फिरवून नळीची लांबी पकडली. ती पोर्टल व्हेनच्या पुढून, तिला समांतर उतरते, आणि दोघींच्या मधून उजवी हिपॅटिक धमनी एका ठिपक्यासारखी जाते. धमनीही कधी नळीएवढी रुंद असते, म्हणून कलर डॉप्लर (वाहतं रक्त रंगात दाखवणारी सोय) लावून, स्केल कमी ठेवून, खात्री केली. रंग न भरणारी ती नळी. माप आतल्या भिंतीपासून आतल्या भिंतीपर्यंत घ्यायचं. आलं ९ मिलिमीटर. या वयात ६ च्या वर गेलेलं माप दुर्लक्षण्यासारखं नाही. यकृतात आतल्या शाखाही पोर्टल शाखांच्या शेजारी दुसरी समांतर रेघ काढत होत्या, म्हणजे सौम्य फुगवटा. यकृताच्या आत पित्त साचल्याची शक्यता इथेच मागे पडली, कारण त्यात नळ्या फुगत नाहीत.

आता खालचं टोक. नळी ड्युओडेनमच्या पहिल्या भागाच्या मागून जाते, मग स्वादुपिंडाच्या डोक्याच्या मागच्या-बाहेरच्या कडेने उतरते आणि ड्युओडेनमच्या दुसऱ्या भागात उघडते. ड्युओडेनममधली हवा नेमकी या वाटेवर पडदा धरते. ‘गॅसमुळे दिसत नाही’ हे वाक्य इथेच लिहिलं जातं, आणि अडकलेले खडे बहुतेक इथेच बसलेले असतात.

मुलाला ३०० मिलिलिटर पाणी दिलं, स्ट्रॉ न वापरता, कारण स्ट्रॉने हवाही गिळली जाते. तीन मिनिटं उजव्या कुशीवर झोपवलं. या स्थितीत पाणी जठराच्या शेवटच्या भागात आणि ड्युओडेनममध्ये उतरतं, हवा वर डावीकडे, फंडसकडे (जठराच्या वरच्या भागाकडे) जाते. मग अर्धवट बसवून किंचित उजव्या बाजूला कलतं ठेवलं आणि नाभीच्या वर आडवा प्रोब सावकाश दाबत नेला. सावकाश महत्त्वाचं; झटक्याने दाबलं की रुग्ण पोट कडक करतो आणि हवा हलत नाही. पाणी हे सुरुवातीला देऊन चालत नाही, पित्ताशय आणि वरची नळी पाहून झाल्यावरच द्यावं, नाहीतर भरलेलं जठर आणि ड्युओडेनम पित्ताशयाशेजारी येऊन गोंधळ करतात.

स्वादुपिंड ओळखायची खूण म्हणजे स्प्लेनिक व्हेन (प्लीहेची शीर), ती त्याच्या मागून आडवी जाते. तिच्या मागे चमकदार कडं असलेली सुपीरियर मेसेंटेरिक धमनी (आतड्याला रक्त नेणारी), तिच्याही मागे महाधमनी, आणि या दोघींच्या मधून डावी रीनल व्हेन (मूत्रपिंडाची शीर). स्वादुपिंडाच्या डोक्याच्या छेदात दोन काळे ठिपके दिसतात: पुढचा गॅस्ट्रोड्युओडेनल धमनीचा, मागचा पित्तनलिकेचा. मागचा ठिपका धरून खाली गेलो की तो मोठा होत गेला आणि मग त्याच्या आत एक चमकदार कमान दिसली, ६ मिलिमीटरची, मागे पुसट सावली. प्रोब ९० अंशांनी फिरवून लांब छेदातही तीच. दोन छेदांत दिसल्याशिवाय नळीतला खडा लिहू नये. सावली पुसट असणं इथे नेहमीचं आहे: नळीत खड्याभोवती द्रव कमी, खड्याचा आकार लहान, आणि रंगद्रव्याचे खडे कधीकधी मऊ. स्वादुपिंडाची नळी २ मिलिमीटर, म्हणजे नॉर्मल.

डाव्या बाजूला प्लीहा १४.५ सेंटीमीटर, कडेला एक पाचरीच्या आकाराचा जुना व्रण, आत काही चमकदार ठिपके. पाठ्यपुस्तकात सिकलसेलची प्लीहा वारंवार इन्फार्क्ट होऊन (रक्तपुरवठा तुटून भाग मरून) आकसलेली, जवळजवळ नाहीशी झालेली वाचायला मिळते. मध्य भारतातल्या रुग्णांत चित्र बरेचदा वेगळं असतं. इथला अरब-भारतीय हॅप्लोटाइप (सिकल जनुकाचा आनुवंशिक प्रकार), त्यासोबत जास्त राहणारं गर्भीय हिमोग्लोबिन, यामुळे प्लीहा तारुण्यापर्यंत टिकून आणि वाढलेली दिसते. म्हणून मोठी प्लीहा दिसली की ‘सिकलसेलशी जुळत नाही’ असं लिहिणं चूक. उलट तिचं माप दर वेळी नोंदवावं, कारण अचानक दोन-तीन सेंटीमीटरने वाढ आणि हिमोग्लोबिनची घसरण एकत्र आली तर प्लीहेत रक्त साचतं आहे, आणि ती तातडीची गोष्ट आहे.

मूत्रपिंडं दोन्ही १२ सेंटीमीटरच्या आसपास, मेडुलाचे (आतल्या भागाचे) त्रिकोण नेहमीपेक्षा चमकदार. हेही या आजारात दिसतं. शेवटी डायाफ्रामच्या (छाती-पोटामधल्या पडद्याच्या) वर एक नजर टाकली, छातीत पाणी नव्हतं. उजव्या बरगडीखालचं दुखणं कधीकधी फुप्फुसाच्या तळाचं असतं, आणि सिकलसेलमध्ये ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम (फुप्फुसावरचा अचानक आघात) जिवावर बेतू शकतो. प्रोब तिथे न्यायला अर्धं मिनिटही लागत नाही.

रिपोर्टमध्ये काय गेलं

“पित्ताशयात ४-७ मिमीचे अनेक हलणारे खडे आणि गाळ, भिंत २.६ मिमी, मर्फी नकारात्मक. पित्तनलिका ९ मिमी, स्वादुपिंडाच्या डोक्यातल्या खालच्या भागात ६ मिमीचा खडा, दोन छेदांत दिसलेला. यकृतातल्या नळ्यांचा सौम्य फुगवटा. नळी यकृताच्या दारापासून खड्यापर्यंत सलग दिसली. खड्याच्या खालचा शेवटचा सुमारे १ सेमी भाग दिसला नाही. प्लीहा १४.५ सेमी, जुना इन्फार्क्ट. उजव्या छातीत पाणी नाही.”

न दिसलेला भाग स्पष्ट लिहिणं फार गरजेचं आहे. आदल्या दिवशीच्या रिपोर्टमधलं ‘नळी दिसत नाही’ हे वाक्य प्रामाणिक होतं, पण त्याच्या पुढे ‘उपाशीपोटी पुन्हा तपासावं’ असं नव्हतं, आणि वाचणाऱ्याने त्याचा अर्थ ‘नळीत काही नाही’ असा घेतला. त्यात एक रात्र गेली. नळीतले खडे सोनोग्राफीत निसटतात, म्हणून चित्र नॉर्मल आणि रक्ततपासणी अडथळ्याची असेल तर एमआरसीपीकडे (पित्तनलिकांच्या एमआरआयकडे) जावं.

इथे एमआरसीपीची गरज पडली नाही. खडा डोळ्यांनी दिसला होता, नळी फुगलेली, बिलिरुबिन ४ च्या बरंच वर, शिवाय ताप. एवढं असलं की थेट ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेवरचा उपचार) करावी. आधी अँटिबायोटिक सुरू केलं, जुळवून घेतलेलं रक्त चढवून हिमोग्लोबिन ९.८ वर आणलं. १० च्या फार वर नेत नाहीत, रक्त घट्ट होतं. ऑक्सिजन चालू ठेवला आणि एंडोस्कोपीच्या खोलीतला एसी कमी केला, कारण थंडीने रक्तवाहिन्या आकसूनही दुखण्याची लाट येऊ शकते. स्फिंक्टर (नळीच्या तोंडाचा स्नायू) कापून बलूनने खडा काढला: काळा, चिमटीत भुगा होणारा, कॅल्शियम बिलिरुबिनेटचा.

दोन दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी झाली तेव्हा यकृताच्या डाव्या लोबमध्ये (भागात) नळ्यांच्या वाटेने चमकदार रेघा दिसत होत्या आणि ‘यकृतात खडे’ असा संशय आला. त्या रेघांमागची सावली मळकट होती, कूस बदलल्यावर त्या हलल्या. ईआरसीपीनंतर नळीत शिरलेली ती हवा होती. उताण्या रुग्णात डावा लोब सगळ्यात पुढे असतो, म्हणून ती तिथे जमते. अशा रुग्णाच्या चिठ्ठीवर ईआरसीपीची तारीख लिहून पाठवावी.

त्याच भरतीत, आठव्या दिवशी, दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. ते ठेवलं असतं तर लाल पेशी फुटत राहिल्या असत्या, खडे बनत राहिले असते आणि पुढचा खडा पुन्हा नळीत उतरला असता. नेहमीच्या दुखण्याच्या लाटेत आणि पित्ताशयाच्या दुखण्यात फरक करणंही दर वेळी अवघड गेलं असतं.

सहा आठवड्यांनी बिलिरुबिन २.९ वर आलं. फाइल पाहून कुणी ‘अजून कावीळ आहे’ असं म्हणू नये म्हणून डिस्चार्ज कार्डावर त्याची नेहमीची पातळी ठळक लिहून दिली. नळी ७ मिलिमीटर होती. पित्ताशय काढल्यावर ती थोडी रुंद राहू शकते, त्यामुळे हेच माप पुढच्या तुलनेसाठी धरायचं. आईने धाकट्या मुलीबद्दल विचारलं, “हिची बी सोनोग्राफी करून घेऊ का?” तिची एचपीएलसी (सिकलसेल ओळखणारी रक्ततपासणी) कधीच झाली नव्हती. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत सिकलसेलग्रस्त आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी अपेक्षित होती, त्यातून ती करून घेतली. मुलगी वाहक (एकच सिकल जनुक असलेली) निघाली. वाहकाच्या रक्तपेशी अशा सतत फुटत नाहीत, त्यामुळे खड्यांसाठी तिची सोनोग्राफी केली नाही. लग्नाआधी जोडीदाराची तपासणी का करायची, हे मात्र तिला आणि आईला समोर बसवून नीट सांगितलं.